क्लू

उन्स्ट बेटावर, जिथे झाड उभं राहायला धजत नाही,
ओस्ला मॅन्सन चुलीशी विणत बसली होती.
गिबी तीन दिवस घरी नव्हता.
होडी धक्क्याला बांधलेली, वल्ही कोरडी,
कपात अर्धा चहा, त्यावर साय.

अ‍ॅबरडीनहून नवाच बदलून आलेला शिपाई टलक
वाकून आत आला. टोपी काखेत, वही उघडी.
"बाई, काही क्लू?"

तिने मान वर केली नाही.
पायानेच टोपली त्याच्याकडे सरकवली:
राखी, पांढरा, मेंढीच्या अंगचा तपकिरी.
"घे. कुठल्या रंगाचा?"

टलकची पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

त्याला कोण सांगणार
की त्याच्या तोंडातला शब्द या टोपलीतूनच गेलेला.
क्लू म्हणजे लोकरीचा गुंडा. बाकी काही नाही.
मग एका फार जुन्या गोष्टीत कुणी भुलभुलैयात शिरलं
मागे धागा सोडत,
आणि धागा धरून परत आलं.
सांगणाऱ्यांनी ती गोष्ट इतकी हाताळली
की लोकर झिजून गेली,
उरला नुसता शोध.
स्पेलिंगनेही मग शेपटी बदलली,
साध्या कपड्यातल्या पोलिसासारखी.

आपण मराठीत अजून धागेदोरेच म्हणतो.
ते रोज पेपरात 'पोलिसांच्या हाती' लागतात;
सुती की रेशमी, कुणी विचारत नाही.

टलकने तपकिरी गुंडा उचलला.
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.
त्या घरातून रिकाम्या हाताने निघवेना, इतकंच.
टोक मागे राहिलं, तिच्या सुईवर, अर्ध्या बाहीत.

खिशातल्या खिशात गुंडा उलगडत गेला,
दगडी कुंपणावरून, मेंढ्यांच्या पायवाटेने,
धक्क्यापर्यंत.
तिथे हात खिशात घातला तर
बोटांना फक्त मेंढीचा वास.

संध्याकाळी ओस्लाने दार उघडलं.
उंबऱ्यापासून समुद्रापर्यंत एक तपकिरी रेघ.
गुंडाळायला हात पुढे झाला,
थांबला.
दुसऱ्या टोकाला कोण आहे, कुणास ठाऊक.

रात्रभर तिने दार लावलं नाही.
बाही पुढे विणली नाही, सोडवलीही नाही.
मधूनमधून फक्त,
गळाला काही लागलंय का पाहावं तसा,
दोन बोटांनी धागा
जरासा हलवून पाहिला.