घ्यावी का, विचारतोस

बस जयेंद्र. पाय बाहेरच धू,
अंगणात वाकट्या वाळत घातल्यात, त्यांच्यावरून येऊ नकोस.
कोटेशन आणलंस? दाखव.
कागद छान आहे, जाड.
आमचाही असाच होता,
निळ्या पाण्यात पांढरी बोट, पाण्याला एक लाट नाही.

घ्यावी का, विचारतोस.
काकाला विचार, तो हो म्हणेल.
तो तांडेल. त्याच्या हातात सुकाणू,
माझ्या हातात वही.

लिही.
बोट एक कोटी अठरा लाख,
सहा सिलिंडरचं इंजिन धरून, जाळी सोडून.
जाळी सोळा. सोळा म्हणतात, तू वीस धर.
डिझेल फेरीला अडीच लाखांचं. परतावा येतो सरकारचा,
दूरच्या पाहुण्यासारखा, कधी ते विचारायचं नसतं.
बर्फ बारा टन.
त्यातला दोन टन धक्क्यावरच वितळतो, तोही आपल्याच नावावर.
खलाशी अकरा. एक उचल घेऊन गावी गेलाय,
शिमग्यापासून निघतोय तिकडून.

माझ्या सासऱ्यांची नाव सागाची होती,
मढच्या सुताराने बांधलेली, वाकडी.
नाळेकडून बघितलं की डावीकडे मान कललेली.
बाबा म्हणायचे, ऐकतेय ती.
तिची उधारी बोंबलांवर फिटली, तीन मोसमांत.
शेवटी तिच्या फळ्या ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्याने नेल्या.
कुणाच्या तरी घरात आता जेवायचं टेबल आहे,
नावेपेक्षा महाग.

या बोटीत पडदा आहे. मासा दाखवतो,
लाल, पिवळा, दाट असला तर तांबडा भडक.
पहिल्या फेरीला पोरं त्याच्यापुढे जमली
मॅच असल्यासारखी.
निळाच राहिला. दोन दिवस निळा.
पूर्वी जाळं रिकामं आलं की नशीब म्हणायचो.
आता साडेचार लाख मोजून
नाही ते रंगीत बघतो.

आणि खाडी बघितलीस? गाळ किती चढलाय?
तुझ्या बापाची होडी ओहोटीलाही आत घुसते.
आमची मुखाशी उभी, भरतीची वाट बघत,
पोटात नऊशे किलो म्हाकूल,
आणि पाणी चढेपर्यंत
इकडे भाव उतरत जातो.

परवा बाजारात एक बाई सुरमईचा तुकडा उचलून म्हणाली,
पन्नास कमी कर गं, समुद्रात काय विकत घेता का?
मी हसले. कोयता धुतला.
हप्ता एक लाख चाळीस हजार. कुठून सुरुवात करू?
तीस कमी केले.

नको म्हणतेय असं समजू नकोस.

बाबांना एकदा नेलं होतं बोटीवर, नवी होती तेव्हा.
खाली सहा बंक आहेत, गाद्या आहेत, पंखा आहे.
बघतो कशी ती, म्हणाले, आणि आडवे झाले.
पन्नास वर्षं हा माणूस नावेत बसल्या बसल्या झोपला,
जाळ्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून.
ओढ बसली की जाग.
त्या दिवशी अंगठा मोकळा होता. घोरले.
काका इंजिन बंद करायला उठला.
पंखा थांबला तर जागे होतील, मी म्हटलं, राहू दे.
तासाभराचं डिझेल जळलं.

ते मी कुठे मांडलं नाही.
म्हणजे मांडलंय. हे बघ, कोपऱ्यात, पेन्सिलीने:
बाबा, झोप.
पुढे आकडा नाही.
कितीतरी वेळा पान उघडून बसले, सुचला नाही.

तोंड असं करू नकोस, चहा घे.
तुझा बाप काय म्हणतो?
काहीच नाही म्हणत?
मग तो रोज संध्याकाळी आमच्या बोटीला हात लावून जातो
ते तुला माहीत नाही वाटतं.

व्याज किती म्हणालास?
साडेनऊ?
आम्हाला साडेदहा पडलं रे.
थांब. चष्मा आणते.