फळा पुसायच्या आधी

सुट्टीची घंटा मीच देतो.
पोट्टे पांगले की सातवीचा वर्ग
माह्या एकटीचा.
डस्टर हातात घेतो
अन् फळा पुसायच्या आधी वाचून घेतो.
मडावी मॅडम रोज कोपऱ्यात
एक इंग्रजी म्हण लिहितात,
खाली तिचा अर्थ, मराठीत, चौकोन करून.
अठरा वर्षं झाडलं हे शाळा.
शिकाले यंदा लागलो.

किक द बकेट : मरणे.
असं कसं बाई?
सकाळीच पोछ्याची बकेट लाथाडली म्या अंधारात,
पाणी गेलं थेट हेडमास्तरच्या खुर्चीखाली.
मेलं कोणीच नाही.
शिव्या मात्र चांगल्या जित्या होत्या.

पीस ऑफ केक : अगदी सोपं.
सरपंचाच्या नातवाच्या वाढदिवसाले
तीस मुंड्या न एवढासा केक,
सोपं का अवघड
ते चाकू धरणाऱ्याले विचारा.

मांजर थैलीतून बाहेर पडली म्हणजे
गुपित फुटलं म्हणतात.
हे मात्र पटलं.
आम्हीही मांजर पोत्यात घालून
नाल्यापलीकडे सोडून येतो,
तिसऱ्या दिवशी ते चुलीपाशी,
डोळे मिटून.

मंग एका गुरुवारी
फळ्यावर एवढंच उरलेलं :
द बॉल इज इन
पुढचं कोण्या पोट्ट्याच्या बाहीनं नेलं.
चौकोनही अर्धा, आत एकच शब्द,
पाळी.
कोणती पाळी? डवऱ्याची? नळाची?
रात्री भाकर थापताना
बॉल काही डोळ्यापुढून हटेना.
कौलावर असन, निंबात अडकला असन,
नाहीतर गेला असन
पडक्या विहिरीत.

सकाळी विचारलं.
मॅडम हसल्या नाहीत, हे त्याईचं बरं.
"बॉल तुमच्या कोर्टात आहे, पंचफुलाबाई."

पोटात गोळाच आला.
राळेगावच्या?
तिथं तर आमची बोळ हाये, सहा वर्षांपासून.
दीड हात रुंद,
माह्या घराच्या न भासऱ्याच्या भिंतीमधली.
वकील बदलला, जज बदलले,
बोळीत एरंडी डोक्याएवढी झाली,
अन् मी न दुर्पता, सख्ख्या जावा,
एकाच नळावर
पाठीले पाठ लावून पाणी भरतो.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या,
"आता पाळी तुमची."

त्याच हप्त्यात ते दुसरी लिहिली.
ब्रेक द आइस :
अनोळखी माणसांशी पहिलं बोलणं.
बर्फ म्या पाहिला तो महाशिवरात्रीच्या जत्रेत,
गोलेवाला भुशातून काढते,
दाभणानं टोचते, अन् मंग कुठं
एक कपची निघते.
पण अनोळखी कसं म्हणावं?
माह्या थोरलीची नाळ
दुर्पतानं पुरली आपल्या हातानं,
निंबाखाली, जिथं आता
कोणाची हद्द हाये ते
कागदातच माहीत.

त्या दिवशी फळा पुसला नाही लवकर.

इतवारी डबा भरून अंबाडीची भाजी नेली.
दारातच उभी ते.
"काऊन आली वं?"
काय सांगू?
फळ्यावर लिहिलं होतं म्हणून?
म्हटलं, तहान लागली.
आपल्या घरून साठ पावलं चालून
तहान लागली म्हटलं म्या.

तिनं पाणी दिलं माठातलं, वाळा टाकलेलं.
बर्फ कोठून असन घरात,
उन्हानं तर पत्रे तडतडून राह्यले होते.
केस किती पांढरे झाले तिचे, कानामागचे.
बोळीचं कोणी काढलं नाही.
तिच्या कोंबडीनं सात अंडे दिल्याचं बोलणं झालं,
अन् एक खराब निघालं त्याचं.
डबा परत दिला तो रिकामा नव्हता,
मूठभर मुंगवड्या
तळाले वाजत होत्या.

सोमवारी फळ्यावर निळा चंद्र होता :
क्वचितच, कधीतरी.
पुसला.
डस्टर खिडकीबाहेर आपटलं,
पांढरी भुकटी उडाली न माह्याच तोंडावर आली.

पुढची तारीख बावीसची.
या खेपेले दोघी एकाच ऑटोनं जाऊन राह्यलो राळेगावले.
भाडं कोणी द्यायचं
ते अजून ठरलं नाही.