गुंजभर

ब्रॅडफर्डच्या कोर्टात तराजू कुठे दिसला नाही.
न्यायाधीशांच्या डोक्यावर एक सिंह होता
आणि एकशिंगी घोडा, साखळीने बांधलेला.
बारा जणांत मी सातवी.
पुस्तक नको म्हटलं, नुसत्या शब्दावर शपथ घेतली.

नॉर्मन अ‍ॅक्रॉइड, वय चौसष्ट, कीथलीत हार्डवेअरचं दुकान,
खिळे अजून सुटे विकतो, वजनावर.
कीरन सग्डन, वय एकोणीस,
हातात भाजी चिरायची सुरी,
एका पायात मोजा नाही.
शटर ओढायचा लोखंडी आकडा,
पुरावा क्रमांक चार, प्लास्टिकच्या पिशवीत.

कॅमेऱ्याला आवाज नाही.
पहिला फटका सुरीच्या हातावर.
दुसरा खांद्यावर, की मानेवर.
मग मुलगा खाली.
मग दीड सेकंद.
मग तिसरा.

तो दीड सेकंद आम्ही अकरा वेळा पाहिला.

न्यायाधीशबाईंचा आवाज सर्दीने बसलेला.
म्हणाल्या, जीव मुठीत धरलेल्या माणसाकडून
कायदा सोनाराच्या काट्याची अपेक्षा करत नाही.
असंच काहीसं म्हणाल्या. सोनार मी घातला.

वडील विट्याला सोनारकाम करत.
वजनाच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद,
आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून गप्प.
एका पारड्यात गुंजा, लाल, काळ्या डोळ्यांच्या,
आणि काटा थांबेपर्यंत कुणी श्वास सोडायचा नाही.
एकदा मी शिंकले
तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.
रागावले नाहीत. एवढंच म्हणाले,
घाईत तोललेलं एक तर चोरी असते, नाहीतर दान.

नॉर्मनने कुणाची खिडकी लावून घ्यायची होती?

माझ्या भाषेचीही मला तिथे मदत झाली नाही.
फटका मारला. माणूस मारला.
हाक मारतो, गाठ मारतो, मिठी मारतो,
सगळीकडे तेच क्रियापद, तोच हात.
सरकारी वकील बोलत होते आणि मी मनात
वध म्हणून पाहिलं. पण तो राक्षस नव्हता,
आईने त्याचा शाळेतला फोटो पर्समधून आणला होता.
हत्या म्हणून पाहिलं. पण ती सुरी खरी होती,
आणि नॉर्मनच्या हातावर सात टाके.
पहिल्या फटक्याचं उत्तर मी कुणालाही देईन,
झोपेतून उठवलं तरी.
दुसऱ्याचं, थोडं अडखळून.

त्यानंतर आम्हाला आत नेलं.
आत काय बोललो ते सांगणं इथे गुन्हा आहे,
म्हणून सांगत नाही.
खिडकी उघडत नव्हती.
बिस्किटं आल्याची होती, मऊ पडलेली.
दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दार वाजवलं.

दोषी नाही.

नॉर्मनला ऐकूच आलं नसावं.
त्याने वाकून वकिलाला काहीतरी विचारलं,
पुढे बसलेल्या क्लार्कला ऐकू गेलं, तिने मान खाली घातली.
तो आकडा परत मिळेल का, असं विचारलं होतं.
वर गॅलरीत त्या आईने थर्मासचं झाकण लावलं,
लागल्यावरही फिरवत राहिली.

मार्चमध्ये मी कीथलीला गेले.
काम नव्हतं. बस होती.
दुकानात तो एकटाच, दाराशी नवी घंटा.
मी म्हटलं, दीड इंची, अर्धा पौंड.
त्याने मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही.
बारा चेहऱ्यांकडे तो कधी नीट पाहत नव्हता,
आपल्या बुटांकडेच पाहायचा.
मूठभर खिळे पारड्यात पडले, काटा हलला,
आणि मी, साठीच्या घरात आलेली बाई,
श्वास धरून उभी.

काटा जरा पुढे गेला. एक खिळा जास्त होता.
त्याची बोटं पारड्यावर थांबली.
बराच वेळ थांबली.
मग त्याने तसेच कागदात ओतले.

खिळे अजून खणात आहेत. मी मोजले नाहीत.