रकाना

अर्जात विचारलंय :
मूल शाळेइतकंच नियमित, शाळेइतकंच नीट
शिकेल, हे कशावरून?

ओटागोच्या टेकडीवर सप्टेंबरचा गारठा.
इओना शेडमध्ये, पेंढ्यात गुडघे टेकून
मेलेल्या कोकराचं कातडं
पोरक्या कोकराला घालतेय.
चार पाय, चार भोकं.
शेवटचा पाय काही केल्या जात नाही.

मेंढी हुंगते. मागं सरते.
परत हुंगते.
मग पाजते.

गेल्या वर्षी ही पोर
निळ्या गणवेशात फाटकाशी उभी असायची
पोट धरून.
बस वळणावर दिसली की ओकायची.

‘‘आई, तिला कळतच नाही,
का कळूनही पाजते?’’

विषयाच्या रकान्यात
मी ‘विज्ञान’ लिहिते, खोडते.
उत्तर मलाही येत नाही.
लिहिते : चालू आहे.