बूथ नंबर एकशे बारा

जाळीच्या अलीकडं आम्ही,
पलीकडं यंत्रं.
मोबाईल गेटवरच काढून घेतलेला,
हातात फक्त शंभर पानी वही
आणि मे महिन्याच्या घामानं निसटणारं पेन.

माईकवर फेऱ्या कन्नडमधून.
हन्नोंदने सुत्तू.
आकडे मला कन्नडमधून कळतात,
बेरीज मात्र मराठीतच होते.
एक्केचाळीसनं पुढं होता आमचा भरमाण्णा.
बाहेर कुणीतरी हलगी तापवायला घेतली.

मग एकशे बारा आलं. आमची गल्ली.
देवळात भंडारा उचललेले दोनशे सात जण,
ताट मीच धरलं होतं.
यंत्रातून निघाली एकशे अठ्ठावन्न.

मी परत विचारलं.
त्यांच्या एजंटनं, इराप्पानं,
आकडा हळू आवाजात सांगितला,
दवाखान्यातली बातमी सांगावी तसा.

शेवटी पडलो एकशे एकोणनव्वदनं.
नोटा सहाशे अकरा.
बंडखोर सातेरी, आपल्यातलाच,
तीन हजार नऊशे सहा.
उद्या चौकात म्हणतील पैसा जिंकला,
कुणी म्हणेल भाऊबंदकी,
कुणी सीमाप्रश्नाचं नाव घेऊन गप्प बसेल.
माझ्या वहीत नुसती वजाबाकी आहे:
एकोणपन्नास.
नावं नाहीत.

चार किलो कुंदा आगाऊ सांगून ठेवलेला.
खानापूर रोडवर असताना दुकानदाराचा फोन,
ठेवू काय विकू?

आणला.
गल्लीत घरोघरी वाटला.
कुणीच नको म्हणालं नाही.