बाणगंगेपर्यंत

दर वर्षी मी ठाकूरद्वारला पोचले की
भालूमामा चपला शोधत म्हणतो,
"हिला जरा बाणगंगा दाखवून आणतो."
नांदेडहून अकरा वेळा आले मी.
बाणगंगा पाहिली नव्हती.

निघायचो ते कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात अडकायचो.
पियूष, साबुदाणा वडा, पुन्हा पियूष.
वड्याबरोबरची गोड चटणी पथ्यात धरायची नाही,
हा मामाचा नियम.
एकदा जवळचा रस्ता म्हणून भुलेश्वरात शिरलो,
बाहेर पडलो तेव्हा त्याच्या मिशीला रबडी होती
आणि माझ्या हातात न मागितलेल्या बांगड्या.

दारात शकूमामी.
"पाहिली बाणगंगा?"
"पाहिली," आम्ही दोघं.
"पाणी होतं?"
"होतं की. भरपूर."
ती मिशीकडे बघत राहायची
आणि कारल्याची भाजी वाढायची.

आता सांगायला हरकत नाही,
पाच वर्षांपूर्वी मामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं,
मेथीदाण्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून
पाचशेची नोट काढली.
"ह्यांना हवं ते खाऊ घाल. मी दिले म्हणू नकोस.
चोरून खाल्लं तरच गोड लागतं ह्यांना."
तेव्हापासून मी दोन्हीकडची हेर.
नोट कधी पुरायची नाही,
वरचे शंभर-दीडशे माझे जायचे.
रात्री भांडी पुसताना मामी सगळा हिशेब ऐकायची,
"काय बाई हा माणूस!"
आणि पदराआड हसायची.

यंदाही निघालो.
पियूष आलं. मामानं वास घेतला, एक घोट,
ग्लास माझ्याकडे सरकवला.
"आज जायफळ जास्त पडलंय."
मला तर नेहमीसारखंच लागलं.
वडा अर्धा ठेवला.
चर्नी रोडला सँडविचवाला सुरी थांबवून हसला,
"काका, डबल मस्का?"
"हिला दे."

चौपाटीवर कुल्फीचा मटका मी दोनदा दाखवला.
तो समुद्राकडे बघत होता,
पाण्याकडे नाही, पलीकडच्या टेकडीकडे.
"चल, बाणगंगेला जाऊ."
मी हसले.
तो बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला.

तर बाणगंगा अशी आहे:
रुंद दगडी पायऱ्या, मधेमधे खचलेल्या,
वाळत घातलेला एक हिरवा परकर,
बदकं, आणि बदकांवर ओरडणारा एक मुलगा
ज्याचा पाव त्यांनी पळवला होता.
चहूबाजूंनी इमारती वाकून बघताहेत
विहिरीत पडलेलं काही शोधावं तशा.
मामानं पाण्यात बोटं बुडवली.
"समुद्र दोन पावलांवर, आणि हे पाणी गोडं.
गोडं आहे, कळलं का?"
हा शब्द तो रबडीसाठी ज्या आवाजात वापरायचा
त्याच आवाजात.

वर येताना तीनदा बसला.
पहिल्यांदा दीपस्तंभ दाखवायला,
दुसऱ्यांदा एक मांजर.
तिसऱ्यांदा दाखवण्यासारखं काही नव्हतं.
आम्ही तसेच बसून राहिलो.

"पाहिली बाणगंगा?"
"पाहिली."
"पाणी होतं?"
"गोडं आहे," मामा म्हणाला, आणि खुर्चीत टेकला.
मामीनं मिशीकडे पाहिलं.
मिशी स्वच्छ होती.

स्वयंपाकघरात मी उरलेले पैसे तिच्या हातात दिले.
तीनशे चाळीस.
तिनं मोजले, परत मोजले.
"एवढे उरले?"
मी ओट्यावर फडकं फिरवत राहिले.
तिनं नोटा मेथीदाण्यांत खुपसल्या,
चहाचं आधण ठेवलं,
आणि वरच्या फळीवरचा, पाहुण्यांचा, डबा काढून
दोन चमचे साखर त्याच्या कपात घातली.

"घ्या. बिनसाखरेचा."

मामानं घोट घेतला.
एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षा आहे," म्हणाला
आणि बशीत ओतून ओतून
सगळा संपवला.