अडीच किलोमीटर

पत्त्याच्या डावीकडे कुलूप होतं, एवढंसं,
करड्या रंगाचं.
ते दिसलं की निर्धास्त राहायचं, शिरीष म्हणाला होता.
शिरीष माझा धाकटा भाऊ. बाणेरला ऑफिस.
बँकांची दारं लाथ मारून बघायची
आणि उघडली नाहीत तर तसं लिहून द्यायचं,
याचा त्याला पगार मिळतो.

रात्री पावणेदोनला मी ब्राउझरला विचारलं, मराठीतच:
गाठ दुखत नसेल तर
पुढचं सुचेना. तेवढंच पाठवलं.
चादरीच्या आत उजेड, शेजारी हे घोरत होते,
अख्ख्या कर्वेनगरात जागं
कालव्याकडचं एक कुत्रं.

सकाळी इडलीचं प्रमाण बघायला
लेक माझाच फोन घेऊन गेली.
तांदूळ तीन वाट्या, उडीद एक,
आणि मेथीदाण्यांच्या खाली
गुलाबी फीत, हसरी डॉक्टरीण:
तपासणी सवलतीत. तुमच्यापासून अडीच किलोमीटर.
"आई, हे काय गं?"
जाहिरात, म्हटलं.
डाळीचं पाणी ओतताना हात हलला नाही
याचंच नवल.

फोन माझा, पासवर्ड माझा, अंगठासुद्धा माझा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
कुणाला तरी तिचे चार आणे मिळाले असतील.

दुपारी शिरीषला विचारलं,
एका मैत्रिणीचं म्हणून.
"कुलूप फुटलेलं नाही, ताई.
वाटेत कुणी काही हिसकावलं नाही.
पाकीट चिकटवलेलंच पोचलं."
मग पोचलं कुणाला?
"ज्याला लिहिलं त्याला. त्यानं पुढे कुणाला वाचून दाखवलं
ते कुलूप बघत नाही. ते कुलपाचं कामच नाही."
आणि ती काळी खिडकी, गुपचूपवाली?
"ती नवऱ्यापासून लपवते. दुकानदारापासून नाही."
मग जरा थांबून,
"तू कधी विचारलंस? म्हणजे, तिनं."

मी काहीच बोलले नाही.
त्याच्या मागे कुणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं.
"निघतो," म्हणाला.

बाणेरहून अकरा किलोमीटर, पाऊण तास.
जाळीतून पाहिलं:
हेल्मेट काखेत,
तोंडावर काहीही न विचारण्याची
सगळी तयारी.

कडी मी काढली.